आडवा दांडा

ताईच्या शेडमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस हमखास एक चूक करायचा. आत शिरला की डावीकडे शिलाई मशीनवर वाकलेल्या दादाकडे जायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, गाडी लांबच्या प्रवासाला तयार करून हवी आहे." दादा दातांत धरलेला दोरा न सोडता अंगठ्यानं उजवीकडे दाखवायचा. उजवीकडे डोळ्यांवर काळी काच ओढून ताई वेल्डिंग करत असायची. मग तो माणूस चाचरत म्हणायचा, "नाही, मला वाटलं..." आणि ताई काच वर करून म्हणायची, "सगळ्यांनाच वाटतं. बोला."

ही उलटापालट त्यांच्या वडिलांनी केलेली होती. वडील फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचे. मुलानं लोखंड जोडावं आणि मुलीनं शिवणकाम शिकावं, असा त्यांचा साधा हिशोब होता. पण वेल्डिंगच्या उजेडानं दादाचं डोकं दुखायचं आणि ताई दिवसाला शिलाईच्या तीन सुया मोडायची. वडील व्यवहारी होते. एके दिवशी त्यांनी दोघांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

वडील गेल्यावर जाळ्यांचं काम हळूहळू आटलं. तेवढ्यात एकदा मोटरसायकलवरून देशोदेशी फिरणारा एक माणूस तुटलेलं कॅरियर घेऊन दारात उभा राहिला. ताईनं ते जोडून तर दिलंच, वर दोन पेट्या बसतील अशी नवी चौकट करून दिली. दादानं टाकीवर टाकायला कॅनव्हासची जोडपिशवी शिवली. तो माणूस सात महिन्यांनी परत आला तेव्हा त्याचे बूट फाटले होते, आरसे गेले होते, पण कॅरियर आणि पिशवी शाबूत होती. त्यानं आपल्यासारख्या दोघा फिरस्त्यांना सांगितलं, त्या दोघांनी आणखी चौघांना. पन्नाशी येईतो ताईला दुसरं काही करायची फुरसतच उरली नाही.

तिचं काम बघत बसावं असं होतं. गाडी आली की ती आधी गाडीकडे बघायचीच नाही, माणसाकडे बघायची. उंची किती, पाय जमिनीला टेकतात का, मनगटं कशी आहेत. मग हँडल वर घ्यायची, पायाची पट्टी पुढे सरकवायची. क्लचच्या वायरीशेजारी दुसरी नवी वायर आधीच ओवून ठेवायची, म्हणजे एक तुटली की पाच मिनिटांत दुसरी जोडून पुढे जाता येतं. इंजिनाखाली जाड पत्रा, दिव्यापुढे जाळी. जड सामान खाली आणि पुढे, हलकं वर आणि मागे, यावर ती कुणाचं ऐकायची नाही. शेवटी सगळं सामान लादून झालं की म्हणायची, "आता पाडा."

"काय?"

"गाडी. आडवी पाडा आणि एकट्यानं उचला. उचलता आली तर निघा. नाही आली तर सामान काढा."

धडधाकट माणसं त्या गाडीखाली घामाघूम होताना दादानं पाहिली होती. रडकुंडीला आलेलीही पाहिली होती. पण तिथून निघताना प्रत्येकाची गाडी आली त्यापेक्षा हलकी असायची.

स्वतः ताई मात्र लांब कुठे गेली नव्हती. शेडच्या मागे खडीचा एक रस्ता होता. त्यावर चार किलोमीटर जायचं आणि वळून यायचं, ही तिची परीक्षा. त्यात काही खडखडलं नाही की गाडी पास.

एकदा तिच्याकडे एक भूगोलाचे सर आले. एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच नोकरी सोडलेले, डोक्यावर चार केस आणि आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत पोचणारा. म्हणाले, "वाळवंट कसं तयार होतं हे मी हजारो मुलांना शिकवलं. एकही वाळवंट पाहिलेलं नाही. आता जाऊन बघतो, खरं शिकवलं की थापा मारल्या."

सरांनी सामान आणलं ते टेम्पोतून. त्यात अकरा पुस्तकं, घडीची खुर्ची, पावसाचं पाणी मोजायचं भांडं आणि चक्क एक पृथ्वीचा गोल होता.

दादा मशीन थांबवून म्हणाला, "सर, पृथ्वी बघायला निघालात ना? मग ही बरोबर कशाला?"

सर हसले आणि गोल काढून ठेवला. मग एकेक करत पुस्तकंही निघाली. पण एका गोष्टीवर ते अडले. ताईच्या कॅरियरला मागच्या बाजूनं एक आडवा दांडा असायचा. डावीकडची चौकट आणि उजवीकडची चौकट त्यानं जोडलेली असायची. सरांनी मागचं चाक काढून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा दांडा नेमका आडवा येतो. रस्त्यात पंक्चर झालं तर चाक काढताना माझ्या नाकी नऊ येतील. काढता येईल का?"

ताईनं दोन दिवस विचार केला. दांडा काढला, खालच्या नळ्या जरा जाड घेतल्या, कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या जोडल्या. दोन्ही हातांनी हिसडे देऊन पाहिलं. पेट्यांत विटा भरून खडीच्या रस्त्यावर नेऊन आणलं. काही हललं नाही. वजन जवळजवळ किलोभर कमी झालं, शिवाय दिसायलाही देखणं झालं. सरांनी गाडी पाडली, तिसऱ्या प्रयत्नात उचलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले.

त्या नव्या पद्धतीच्या कॅरियरचा फोटो ज्यानं पाहिला त्याला तेच हवं झालं. पुढच्या चार महिन्यांत ताईनं तसली आणखी दहा केली.

आणि मग सरांची गाडी ट्रकमधून परत आली.

पाठोपाठ रिक्षातून सर आले. डावा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये, काखेत कुबड्या. तीन महिने परक्या गावातल्या दवाखान्यात काढून आले होते. दादानं घाईघाईनं खुर्ची पुढे केली.

"माझीच चूक," सर बसता बसता म्हणाले. "रस्ता सरळ होता, वेगही फार नव्हता. गाडीचं मागचं अंग एकदम लचकलं आणि मी फेकला गेलो. दगड असणार, दुसरं काय? माझं लक्ष नव्हतं. वय झालं हो ताई, मान्य करायला हवं. ही दुरुस्त करा आणि कुणाला तरी देऊन टाका. मला आता झेपायचं नाही."

ताई त्यांना "बघते" एवढंच म्हणाली. सर गेल्यावर तिनं गाडी उजेडात ओढली. डावीकडचं कॅरियर खालच्या सांध्यापाशी तुटलं होतं. पडल्यावर तुटणारच, असं कुणीही म्हटलं असतं. पण तुटलेलं लोखंड ताईला वाचता यायचं. एका झटक्यात तुटलं की त्याचं तोंड सगळीकडे सारखं, चकचकीत दाणेदार दिसतं. इथे तसं नव्हतं. अर्ध्याहून जास्त भाग तपकिरी, गंजलेला होता आणि त्यावर पाण्याच्या लाटांसारख्या बारीक रेघा एकापुढे एक उमटल्या होत्या. फक्त कडेची एक चंद्रकोर तेवढी चमकत होती. म्हणजे चीर कित्येक दिवस आधी पडली होती आणि रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. उरलेली चंद्रकोर तुटली तेव्हा पेटी आत झुकली. ताईनं चाक फिरवलं. टायरच्या बाजूला पेटीच्या कोपऱ्यानं खोल चर पाडलेला होता.

पडल्यामुळे कॅरियर तुटलं नव्हतं. कॅरियर तुटलं म्हणून सर पडले होते.

ती बराच वेळ चाकाशी उकिडवी बसून राहिली. दादाचं मशीन थांबलं.

"काय झालं गं?"

तिनं बोट लावून दाखवलं. दादाला लोखंडातलं फार कळत नव्हतं, पण बहिणीच्या चेहऱ्यातलं कळत होतं.

"तो दांडा?" त्यानं विचारलं.

"तो दांडाच. दोन्ही बाजू सुट्या राहिल्या. प्रत्येक खड्ड्यात एक इकडे, एक तिकडे. पीळ बसत राहिला."

"पण काढायला त्यांनीच सांगितलं होतं."

"त्यांनी विचारलं होतं, दादा. काढता येईल का म्हणून विचारलं. मी म्हटलं येईल."

दादा खाली बघत म्हणाला, "ते तुला काही विचारायला आलेत का? दगड होता म्हणतायत. आता सांगून त्यांचा पाय जुळणार आहे का? लोकांच्या कानावर गेलं की नाव जाईल ते वेगळंच. वडिलांपासूनचं आहे."

"पाय नाही जुळणार," ताई म्हणाली. "पण ते म्हणतात, वय झालं. दादा, त्यांचं वय नाही झालेलं. माझा सांधा गेला."

दादा उठला, लंगडत्या स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून पिशव्यांच्या मापांची वही काढली. त्यात प्रत्येक गाडीवाल्याचा फोन नंबर असायचा. धूळ झटकून म्हणाला, "सरांकडे उद्या जा. आधी बाकीचे दहा."

त्या दुपारी ते दोघं फोन करत बसले. ताईला फोनवर बोलायचा भारी कंटाळा, पण हे बोलणं तिनं दादावर सोडलं नाही. प्रत्येकाला तेच सांगितलं: "कॅरियरमध्ये माझी चूक झाली आहे. जिथे असाल तिथे पेट्या उतरवा. खालचा सांधा बघा. आडवा दांडा बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका." पाच जण अजून निघालेच नव्हते, ते गाडी घेऊन येतो म्हणाले. एक जण हसला, म्हणाला, काही होत नाही ताई, उगाच घाबरताय. त्याला तिनं सरांच्या पायाचं सांगितलं, तेव्हा त्याचं हसू थांबलं. एक जण इतका चिडला की दादाला शेजारी बसून त्याचे शब्द ऐकू येत होते. ताईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पण पेट्या उतरवा." परदेशात पोचलेल्या दोघांना तिनं कागदावर आकृती काढून तिचा फोटो पाठवला, तिथल्याच कुणाकडून करून घ्या म्हणाली.

दहावा फोन लागेना. तो नंबर होता जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा. चाळिशीच्या, एकट्याच निघालेल्या, ताईच्या परीक्षेत पहिल्याच झटक्यात गाडी उचलणाऱ्या. "बैल उलथवते मी, हिचं काय घेऊन बसलात," असं म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सरांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. सर खिडकीशी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. ताईनं तुटलेला तुकडा फडक्यात गुंडाळून आणला होता. तो तिनं त्यांच्या हातात दिला आणि कुठे कुठली रेघ आहे, तिचा अर्थ काय, सगळं सांगितलं. चांगले शिक्षक ऐकूनही चांगलं घेतात.

"म्हणजे दगड नव्हता," शेवटी ते म्हणाले.

"नव्हता."

"तीन महिने," सर म्हणाले. त्यांचा तो मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आता खोलीच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हता. "तीन महिने मी रोज तो दगड शोधतोय. डोळे मिटले की रस्ता दिसतो, कडेची झुडपं दिसतात, दगड काही दिसत नाही. मी म्हटलं, पडलो तर पडलो, पण आठवतसुद्धा नाही, म्हणजे डोकंही कामातून गेलं. हिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही."

त्यांची बायको दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

ताईनं ठरवून आणलेले शब्द होते, ते तिला त्या घडीला अगदी फडतूस वाटले. ती एवढंच म्हणाली, "तुमची काहीच चूक नव्हती, सर."

"जा तुम्ही," सर म्हणाले. ओरडले नाहीत. तुकडा मात्र त्यांनी परत दिला नाही. "आत्ता मला तुमचं तोंड बघवत नाही. जा."

बायको तिला फाटकापर्यंत सोडायला आली. "बरं केलंत सांगितलंत," ती हळू आवाजात म्हणाली. "पण एवढ्यात परत येऊ नका."

डॉक्टरीणबाईंचा पत्ता लागायला पाच दिवस गेले. दादानं ओळखीच्या सगळ्या फिरस्त्यांना निरोप धाडले होते. त्यांतल्या एकानं कळवलं, की उत्तरेला नदीवरचा पूल पुरात गेलाय, तिथे गाड्या तराफ्याची वाट बघत अडकल्यात आणि त्यांत एक बाई आहे, गुरांना औषधं देत हिंडणारी. नदी उतरली की तराफा सुरू होणार. पलीकडे सहाशे किलोमीटर नुसता डोंगर, वस्ती तुरळक.

"मी जाते," ताई म्हणाली.

दादानं वर पाहिलं. "तू? कशानं?"

"गाडीनं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तयार केल्या, माझी एक करायला काय दिवस लागणार आहेत?"

तिची स्वतःची गाडी जुनी, शेडमधलं सामान आणायची, पण कॅरियर दांड्याचंच होतं. तिनं डब्याएवढं वेल्डिंग मशीन घेतलं, ड्रिल घेतलं, दोन तयार दांडे, पाने, हातोड्या, नटबोल्टांची बरणी, सगळं लादलं. निघणार तेवढ्यात दादा फाटकात आडवा उभा राहिला.

"पाड," तो म्हणाला.

"दादा, उगाच वेळ घालवू नकोस."

"पाड म्हणतो ना. नियम सगळ्यांना सारखा."

ताईनं गाडी पाडली. उचलायला गेली तर ती जागची हलेना. तिनं पाय रोवले, पाठ लावली, तोंड लालबुंद झालं. दादा कमरेवर हात ठेवून शांतपणे बघत होता. अखेर ताई जमिनीवर फतकल मारून बसली आणि हसायला लागली. मग मुकाट्यानं तिनं मशीन उतरवलं, एक दांडा उतरवला, अर्ध्या हातोड्या उतरवल्या. दुसऱ्यांदा गाडी उचलली गेली.

नदीपर्यंत तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तिला कळलं, की वारा सतत छातीवर बसला तर मान आखडते आणि दुसऱ्यांच्या गाड्यांना तिनं हौसेनं लावलेली काच दोन बोटं तरी उंच हवी होती. दुसऱ्या दिवशी कळलं, की दादाच्या पिशवीचं बक्कल हातमोजे घालून उघडत नाही. एका पेट्रोलपंपावर बसून ब्रेड खाताना तिनं या गोष्टी एका पाकिटाच्या मागे लिहून काढल्या. आयुष्यभर आपण काय बनवत होतो ते आत्ता वापरून बघतोय, या विचारानं तिला मौजही वाटली आणि लाजही.

तिसऱ्या दिवशी डांबर संपलं आणि कपडे धुवायच्या फळीसारखा रस्ता लागला. एकामागून एक बारीक उंचवटे, संपतच नाहीत. दात वाजत होते, बोटं बधिर झाली होती, पुढचा दिवा चेहरा थरथरावा तसा थरथरत होता. असे चाळीस किलोमीटर. मध्येच तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि कॅरियरच्या खालच्या सांध्यावर तळवा ठेवला. लोखंड ऊन झालं होतं. शेडमागच्या खडीवर तिनं त्याला हिसडे दिले होते, विटा लादल्या होत्या. पण दिवसच्या दिवस चालणारी ही थरथर त्याला कधी दिली नव्हती. मोठा धक्का लोखंड सोसतं. ही किरकिर त्याला आतून खाते. तिला सरांची गाडी डोळ्यांसमोर आली, अशाच कुठल्या तरी रस्त्यावर, रोज एकेक रेघ पुढे सरकणारी.

नदीकाठी तीस-चाळीस वाहनं उभी होती. डॉक्टरीणबाई एका बकरीचा खूर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ताईला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"तुम्ही त्या वेल्डिंगवाल्या ताई ना? इकडे कुठे?"

"तुमच्याकडेच. फोन का उचलत नाही?"

"फोन गेला पाण्यात. ही बया ढुशी मारते," त्या बकरीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "का? काय झालं?"

ताईनं सांगितलं. डॉक्टरीणबाई ऐकता ऐकता खूर बांधून मोकळ्या झाल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "ते होय! ते तर तुटायला आलंच होतं. पंधरा दिवसांपूर्वी अलीकडच्या डोंगरातल्या एका लोहाराला दिसलं. मी घोडीला बघायला गेले होते, तो माझी गाडी बघत बसला होता. डावीकडचा सांधा त्यानंच लोखंडी कड्यात धरून दिला, वर आणखी काहीतरी केलं. या, बघा."

ताई गाडीमागे गेली आणि तिथेच खाली बसली. दोन्ही बाजूंना जोडणारी एक आडवी पट्टी होती, कुठल्या तरी छकड्याच्या स्प्रिंगची, वाकवून चाकाच्या वरून नेलेली. म्हणजे चाक काढताना आडवी येणार नाही. आणि ती वेल्ड केलेली नव्हती. दोन्ही टोकांना बोल्ट होते आणि बोल्टांखाली जुन्या टायरचे गोल कापलेले तुकडे. तिनं चौकट हलवून पाहिली. दोन्ही बाजू एकदम हलल्या, सारख्याच, आणि सारख्याच थांबल्या.

"म्हणजे तुमची खेप फुकट गेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बघू," ताई म्हणाली. तिनं उजव्या सांध्यावर रॉकेल लावलं, पुसून काढलं आणि वर खडू घासला. दहा मिनिटं दोघी वाट बघत राहिल्या. मग चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर आलं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी एक ओली रेघ उमटली.

"ही नवी?" डॉक्टरीणबाईंनी आता आवाज खाली आणून विचारलं.

"नवी नाही, डावीकडच्या चिरेबरोबरचीच असेल. लोहाराच्या पट्टीनं थोपवून धरली आहे. पण पुढे सहाशे किलोमीटर डोंगर आहे."

ताईनं तिथेच, नदीकाठच्या दगडावर, बरोबर आणलेला दांडा कापला. दोन पट्ट्या केल्या. भोकं मारायला तराफेवाल्याच्या जनरेटरवर ड्रिल लावलं. चिरलेला सांधा दोन्ही बाजूंनी पट्ट्यांत धरून बोल्टांनी आवळला, आणि खाली टायरचे तुकडे घालायला विसरली नाही. संध्याकाळी उन्हं उतरताना डॉक्टरीणबाईंनी गाडी पाडून उचलून दाखवली. न सांगता.

परतीच्या वाटेवर ताईनं एक दिवसाचा फेरा घेतला आणि तो लोहार शोधून काढला. म्हातारा होता, एका डोळ्यानं अधू, आणि कुणाच्या येण्याजाण्याचं फारसं कौतुक नसलेला. ताईनं विचारलं, वेल्ड का नाही केलं?

"मशीन कुठाय माझ्याकडे?" तो म्हणाला. मग भात्यापाशी बसत म्हणाला, "असतं तरी नसतं केलं. घट्ट बांधलं की पुन्हा तिथेच तुटतं. थोडं हलू द्यावं. कुणी बनवलं होतं ते?"

"मी."

त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, भाजल्याच्या जुन्या डागांकडे. "सांधा बरा होता," तो म्हणाला. "दोघी बाजू फक्त एकमेकींना ओळखत नव्हत्या." आणि तो आपल्या कामाला लागला.

शेडमध्ये परत आल्यावर ताईनं सगळी कॅरियर नव्यानं केली, वाकवलेल्या पट्टीची, बोल्टांची, रबराच्या चकत्यांची. दादानं कुरकुर करत सगळी बक्कलं बदलली. लोकांच्या कानावर ती गोष्ट जायची ती गेलीच. काही जण दुसरीकडे वळले. फोनवर चिडलेला माणूस परत कधी आला नाही. तो हिवाळा शेड बरीच रिकामी होती आणि दादा मशीनवर बसून उगाच जुन्या पिशव्यांना अस्तरं लावायचा, पण "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाला नाही. नवीन कुणी आला की ताई त्याला आधीच सांगून टाकायची, "माझं एक कॅरियर तुटलं आहे आणि माणूस जायबंदी झाला आहे. कसं तुटलं ते दाखवते, मग ठरवा." बरेच जण बघून ठरवायचे. बहुतेक थांबायचे.

सरांची गाडी तिनं पहिल्याच महिन्यात नीट करून ठेवली होती. त्यांनी सांगितल्याप्रमाणे ती कुणाला दिली मात्र नाही. चादर घालून कोपऱ्यात उभी होती. आठवड्यातून एकदा ती इंजिन सुरू करायची आणि पाच मिनिटांनी बंद करायची. ना त्यांचा फोन, ना हिचा.

दहाएक महिने झाले असतील. एका सकाळी शेडसमोर रिक्षा थांबली आणि सर उतरले. कुबड्या नव्हत्या, पण डावा पाय टाकताना अंग कलत होतं. दादानं खुर्ची ओढली. सर बसले नाहीत.

"चालू आहे का?" त्यांनी चादरीकडे हनुवटीनं दाखवत विचारलं.

"चालू आहे," ताई म्हणाली.

तिनं चादर काढली. सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून मागची पट्टी पाहिली, बोल्टाला बोट लावलं. मग हेल्मेट मागितलं. दुखरा पाय पलीकडे टाकायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. दादा धरायला पुढे झाला, तेव्हा ताईनं त्याला डोळ्यानं थांबवलं. गाडी फाटकाबाहेर गेली आणि शेडमागच्या खडीच्या रस्त्याला वळली.

चार किलोमीटर जाऊन यायला फार तर पंधरा मिनिटं. वीस झाली. तीस झाली. दादानं मशीनवर एकच शिवण तीनदा घातली. ताईनं हातात कानस धरली होती, पण ती कशावर घासत नव्हती. पाऊण तास झाला तेव्हा कोपऱ्यावर आवाज आला.

सर आले, गाडी बंद केली. बुटांवर धूळ होती. खडीच्या रस्त्यावर एवढी लाल धूळ नसते. म्हणजे ते बरेच पुढे जाऊन आले होते. हेल्मेट काढून त्यांनी टाकीवर ठेवलं. घामानं ते चार केस कपाळाला चिकटले होते.

"हँडल डावीकडे ओढतंय," ते म्हणाले, चांगल्या खणखणीत आवाजात. "पडली तेव्हा पुढचा फोर्क वाकला असणार. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

ताईचा चेहरा एकदम सैल पडला. एका गिऱ्हाईकानं कामात काढलेली ती साधीसुधी खोट होती, जशी कुणीही काढावी.

"बघते," ती म्हणाली आणि पाना घेऊन पुढच्या चाकापाशी बसली. सरांनी खुर्ची ओढली, दुखरा पाय लांब केला आणि ती कुठला बोल्ट आधी सोडवते ते नीट दिसावं म्हणून थोडे पुढे वाकून बसले.